कादंबरीचा पहिला खर्डा झालाय? नोकरी आणि छंद सांभाळून पुनर्लेखन कसं करायचं – नाशिककरांसाठी

कादंबरी लिहून झाली, घरात पेढे वाटून झाले आणि आता ती तीनशे पानं उघडायची भीती वाटतेय, अशा अवस्थेत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कादंबरी कशी लिहावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लिहून झालेलीचं काय करावं, तेही सातपूरच्या कंपनीत पंचिंग करून, येताना भाजी घेऊन आणि रविवारी डोंगर चढायची हौस न सोडता, हे सांगणारे फारसे भेटत नाहीत. मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते, कथा-कादंबऱ्या लिहिते आणि हिवाळ्यात दुर्बीण घेऊन पाणथळीवर जाते. हे तिन्ही एका आठवड्यात कसं बसवायचं, ते इथे क्रमाने लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 'कादंबरी हातावेगळी झाली की मग ट्रेक, मग बासरी, मग बाग' असं ठरवू नका. पुनर्लेखनाला स्वतःचा असा शेवट नसतो, त्यामुळे तो 'मग' येत नाही. डायरीत छंदाची वेळ आधी लिहायची आणि उरलेल्या वेळात पुनर्लेखन बसवायचं. ऐकायला उलटं वाटेल. पायरी २ मध्ये कारण सांगितलंय.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- संपूर्ण खर्डा, एकाच फाइलमध्ये, युनिकोडमध्ये
- त्या फाइलच्या दोन प्रती, एक पेन ड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन साठवणीत
- छापलेला गठ्ठा, स्पायरल केलेला
- हिशेबाची लांबट वही (रकाने आखलेली असली तर उत्तम)
- तीन रंगांची पेनं
- कथानक ज्या वर्षांत घडतं, त्या वर्षांचं पंचांग किंवा कॅलेंडर
- शुद्धलेखनाचा एक चांगला कोश

लॅपटॉप जुना असला तरी चालतं. खुर्ची मात्र बरी बघा.

पायरी १ : खर्डा नजरेआड करा

किमान तीन आठवडे, जमल्यास सहा. या काळात फाइल उघडायची नाही, 'फक्त पहिलं पान बघते' म्हणूनसुद्धा नाही. आपण काय लिहिलंय ते विसरणं हा इथला हेतू आहे. काल लिहिलेलं वाक्य आज वाचलं की डोळा कागदावरचं वाचत नाही, डोक्यातलं वाचतो. 'तिने दार उघडले' असं लिहिलंय की 'तिने दार लावले', हेही कळत नाही.

सापळा: याच काळात खर्डा घरच्यांना, मित्रांना, ऑफिसातल्या 'वाचणाऱ्या' सहकाऱ्याला द्यायचा मोह होतो. देऊ नका. ते कौतुक करतील नाही तर गप्प बसतील, आणि दोन्ही तुमच्या पहिल्या फेरीत लुडबुड करतील. वाचक हवेत, पण पायरी ६ ला.

पायरी २ : छंदाचं वेळापत्रक आधी लिहा

नाशिकमध्ये राहण्याचा फायदा असा की इथे बहुतेक छंदांना ऋतू आहेत, आणि ऋतू तुमच्या सोयीसाठी थांबत नाही. नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळची ही पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ. चक्रवाक, थापट्या आणि वारकरी या पाणपक्ष्यांचे थवे बघायचे तर सकाळी लवकर पोचावं लागतं, आणि एप्रिलमध्ये जाऊन उपयोग नसतो. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज पावसात आणि पावसानंतर हिरवे असतात. गच्चीवरची बाग मे महिन्यात रोज पाणी मागते. मे महिन्यात संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिची सवय असलेल्यांनी तो महिना तसाच धरावा.

म्हणून वर्षाचं कॅलेंडर घ्या आणि छंदाचे दिवस पेनाने लिहा, पुनर्लेखनाचे पेन्सिलने. पुनर्लेखन सरकवता येतं, रोहित पक्षी सरकवता येत नाहीत.

आता कारण. पुनर्लेखनासाठी आपल्या मजकुराकडे परक्यासारखं बघावं लागतं आणि तो परकेपणा खुर्चीत बसून येत नाही. चार तास दुर्बिणीतून पाण्याकडे बघितल्यावर डोकं शब्दांतून बाहेर आलेलं असतं. सोमवारी गठ्ठा उघडला की आधी न दिसलेला लांबलेला परिच्छेद आपोआप टोचतो. त्यामुळे छंद निवडायचा तर शब्दांचा नसलेला निवडा. चालणं, सायकल, मातीकाम, विणकाम, तबला, स्वयंपाकातले प्रयोग, काहीही. वाचन या कामापुरता छंद धरू नका. वाचताना लेखकाचं डोकं चालूच राहतं, 'यानं हे कसं केलं' असा हिशेब मांडत बसतं.

दोन सापळे इथे फार जणांना गाठतात.

पहिला, छंदातून 'मटेरियल' काढणं. हरिहरच्या दगडी पायऱ्या चढताना 'हे पाचव्या प्रकरणात टाकता येईल' असं सुरू झालं की ट्रेकही गेला आणि पाचवं प्रकरणही फुगलं. काही सुचलंच तर फोनमध्ये एक ओळ लिहा आणि फोन खिशात टाका. वही सोबत नेऊच नका.

दुसरा, छंदाचं दुसरं ऑफिस होणं. ग्रुपचं व्यवस्थापन, सहलीचे पैसे गोळा करणं, फोटो निवडून टाकणं, स्पर्धा. कादंबरी हातात असलेल्या वर्षी कोणत्याही मंडळाचं सचिवपद घेऊ नका. अध्यक्षपद चालेल, त्याला काम नसतं.

पायरी ३ : आठवड्याचा हिशेब मांडा

पुनर्लेखनाचं काम दोन प्रकारचं असतं. जड काम म्हणजे प्रकरणांचा क्रम बदलणं, पात्र काढून टाकणं, प्रसंग नव्याने लिहिणं. हलकं काम म्हणजे लाल पेनाच्या दुरुस्त्या फाइलमध्ये चढवणं, नावं तपासणं, शुद्धलेखन. जड कामाला सलग दीड-दोन तास आणि ताजं डोकं लागतं. हलकं काम तुकड्या-तुकड्यांत होतं, रात्री जेवणानंतर मालिकेच्या आवाजातही.

जनरल शिफ्ट असेल तर आठवडा साधारण असा बसतो:

- आठवड्यातल्या तीन सकाळी, साडेपाच ते सात: जड काम
- दोन रात्री, पाऊण तास: हलकं काम
- एका सुट्टीची सकाळ: छंद
- एक दिवस: काहीच नाही, म्हणजे घर, नातेवाईक, बँक, दळण

सकाळची वेळ ठरवताना तुमच्या भागात नळाला पाणी कधी येतं ते बघा. ही गंमत नाही. साडेसहाला पाणी येणाऱ्या घरात सहा ते साडेसातचं वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही.

शिफ्ट फिरती असेल तर आठवड्याऐवजी शिफ्टप्रमाणे मांडणी करा. फर्स्ट शिफ्टला दुपारी चारनंतर थोडी झोप काढून जड काम होतं. सेकंड शिफ्टला सकाळ मोकळी असते, पुनर्लेखनासाठी तो सोन्याचा आठवडा. नाइटच्या आठवड्यात जड कामाच्या वाटेला जाऊ नका. झोपेच्या कर्जात घेतलेला 'हे प्रकरणच काढून टाकू' असा निर्णय पुढच्या आठवड्यात फिरवावा लागतो. नाशिकरोडहून रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठणाऱ्यांना जागा मिळाली तर गठ्ठा वाचायला चांगला वेळ आहे, लॅपटॉप मात्र उघडू नका. शेजारचा माणूस वाचायला लागतो आणि कल्याणपर्यंत सूचना करतो.

बसायचं कुठे? घरात कोपरा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी शहरभर ज्या अभ्यासिका आहेत त्यांची चौकशी करा. महिन्याची फी भरली की टेबल, दिवा, प्लग पॉइंट आणि शांतता मिळते. पन्नाशीच्या बाईला तिथे बघून मुलं पहिले दोन दिवस दचकतात, नंतर पेन उसनं मागतात. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं १८४० पासूनचं सावाना, संदर्भ बघायला आणि वाचत बसायला चांगलं आहे. कॉलेज रोडच्या कॅफेंबद्दल माझं मत चांगलं नाही. एका कॉफीवर दोन तास बसायला संकोच वाटतो, आणि संकोचात वाक्यं सुधारत नाहीत.

पायरी ४ : छापून काढा

पडद्यावर पहिली फेरी करू नका. ए-फोर कागद, एका बाजूला छपाई, ओळींत दीडपट अंतर, उजवीकडे रुंद समास, पानावर क्रमांक. पन्नास-साठ हजार शब्दांच्या कादंबरीची साधारण दोनशे पानं होतात. कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमुळे मोठ्या छपाईचा दर बरा मिळतो. परीक्षेच्या किंवा सबमिशनच्या आठवड्यात मात्र जाऊ नका.

फाइल पीडीएफ करूनच न्या. वर्डची फाइल त्यांच्या संगणकावर उघडली की फाँट बदलतो, पानं सरकतात आणि 'वाऱ्यावर', 'दऱ्या'मधला र भलतीकडे जातो.

पायरी ५ : फेऱ्या करा, एकेका फेरीत एकच काम

लेखाचा गाभा इथे आहे. नवखा लेखक पहिल्या पानापासून सुरू करतो आणि ऱ्हस्व-दीर्घ, विशेषण, संवाद, कथानक सगळं एकदम दुरुस्त करत चाळिसाव्या पानावर दमतो. मग पुन्हा पहिल्या पानापासून. अशा कादंबरीची पहिली चाळीस पानं घासून गुळगुळीत होतात आणि उरलेली तशीच राहतात. संपादकाला ते लगेच दिसतं.

पहिली फेरी, कथानकाची. हातात पेन्सिल, शुद्धलेखन बघायला बंदी. पूर्ण गठ्ठा शक्य तितक्या कमी बैठकांत वाचा आणि लांबट वहीत प्रत्येक प्रसंगाची एक ओळ लिहा: प्रकरण, कोण, कुठे, कधी, प्रसंगानंतर काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे लिहायला काही सापडलं नाही तर तो प्रसंग जाणार किंवा दुसऱ्यात मिसळणार. गप्पांचे, चहाचे, आठवणींचे प्रसंग या रकान्यात उघडे पडतात. मिसळीच्या टेबलावरच्या प्रसंगांना नाशिकच्या लेखकांनी विशेष जपून राहावं. ते लिहायला इतके सुखाचे असतात की कथानक पुढे सरकलं नाही हे ध्यानात येत नाही.

'कधी'चा रकाना भरताना पंचांग शेजारी ठेवा. पात्र रात्री गच्चीवर चांदण्यात बसलंय आणि दोन दिवसांवर दिवाळीचं लक्ष्मीपूजन आहे, म्हणजे अमावास्या, तर चांदणं कुठून आलं? गावाशी जोडलेल्या गोष्टीही तपासा:

- द्राक्षबागेत ऑगस्टमध्ये काढणी दाखवली असेल तर पिंपळगावचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोड बहाराची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास आणि काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल.
- २००५ सालात घडणाऱ्या प्रसंगात शहरातून जाणारा महामार्गावरचा लांब उड्डाणपूल नको. तेव्हा तो नव्हता.
- पुराचा प्रसंग असेल तर नाशिककर पूर मीटरमध्ये बोलत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, की डोक्यावरून गेलं, असं बोलतो. सप्टेंबर २००८ किंवा ऑगस्ट २०१६ चा पूर घेतला असेल तर त्या दिवसांची वर्तमानपत्रं काढून बघा.
- सिंहस्थाचं वर्ष कथेत येत असेल तर २००३ आणि २०१५ ही वर्षं लक्षात ठेवा. त्यांच्या आधीच्या वर्षात शहर खोदलेलं असतं. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी हाच अनुभव पुन्हा येतोय, त्यामुळे खड्ड्यांचा तपशील शोधायला लांब जायला नको.

असले तपशील जोडताना एक मोह होतो, सापडलेली सगळी माहिती कादंबरीत टाकण्याचा. दहा तपासा, एक वापरा.

या फेरीच्या शेवटी वहीवरून कामांची यादी करा आणि मोठ्या दुरुस्त्या फाइलमध्ये करा. काढून टाकलेला मजकूर पुसू नका, 'काढलेलं' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यातलं पुढे काही लागतंच असं नाही, पण ते कुठेतरी आहे म्हटलं की हात कापायला कचरत नाही.

दुसरी फेरी, माणसांची आणि बोलण्याची. आता फक्त संवाद वाचा, एका पात्राचे सलग. रमाचे सगळे संवाद, मग तिच्या सासऱ्यांचे सगळे. प्रत्येकाचं बोलणं वेगळं ऐकू येतंय का? सगळेच तुमच्यासारखं बोलत असतील तर इथे काम आहे.

बोलीचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अवघड आहे. सटाणा, देवळा, मालेगावकडचं पात्र घरात अहिराणी बोलेल. पेठ-सुरगाण्याकडचं वेगळंच बोलेल, निफाड-सिन्नरचं अजून वेगळं, आणि जुन्या पंचवटीतली आजी त्याहून वेगळी. शेवटी 'शे' जोडलं की अहिराणी होते हा मोठा गैरसमज आहे. ती बोली तुमची नसेल तर दोनच मार्ग सुरक्षित आहेत. एक, त्या भागातल्या माणसाला संवाद मोठ्याने वाचायला लावा आणि तो जिथे अडखळेल तिथे त्याच्या तोंडून जे येईल ते लिहून घ्या. दोन, प्रमाणभाषेतच लिहा, पण वाक्याची ठेवण आणि संबोधनं त्या घरची ठेवा. आई म्हणायचं की माय, वडिलांना अरेतुरे की अहोजाहो, एवढ्यावरूनसुद्धा घर कळतं. अर्धीमुर्धी बोली सगळ्यात वाईट.

निवेदनाचं रूपही याच फेरीत ठरवून टाका: 'त्याने दार उघडले' की 'त्यानं दार उघडलं'. दोन्ही चालतात, दोन्हींची मिसळ चालत नाही. पहिल्या खर्ड्यात ती हमखास झालेली असते, कारण गंभीर प्रसंगात हात आपोआप 'उघडले'कडे वळतो. एका निवेदकाला एक रूप द्या आणि वहीच्या पहिल्या पानावर ते मोठ्या अक्षरांत लिहा.

तिसरी फेरी, वाक्यांची. मोठ्याने वाचा. घरात संकोच वाटत असेल तर फोनला वाचायला लावा. मराठी मजकूर वाचून दाखवणारी सोय आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये मिळते. तो यांत्रिक आवाज भावना घालत नाही, त्यामुळे लांबलेलं वाक्य लांबलेलंच ऐकू येतं. 'एकदम', 'अचानक', 'जणू', 'खरं तर' आणि तीन टिंबं शोधून मोजा. आपली लाडकी सवय कोणती ते लगेच समजेल. ही फेरी प्रकरणागणिक करता येते, एका सकाळी एक.

चौथी फेरी, शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४. हे १८ नियम एका बैठकीत वाचून होतात. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ (कवी, गुरू), 'आणि' मात्र ऱ्हस्व, एवढं पक्कं केलं तरी निम्म्या चुका जातात. बाकी कोशात बघा.

फाइलींना नावं देताना 'फायनल' हा शब्द वापरायचा नाही. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरी' या तीन फाइलींतली खरी कोणती हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. नाव, फेरीचा आकडा आणि तारीख पुरे.

पायरी ६ : तीन वाचक

दुसऱ्या फेरीनंतर, तिसरीच्या आधी. वाक्यं घासून झाल्यावर 'मधली पन्नास पानं नकोत' असं कुणी सांगितलं तर जिवावर येतं.

तीनपेक्षा जास्त नकोत. एक भरपूर वाचणारा पण न लिहिणारा. एक लिहिणारा. एक कथेतल्या विषयाचा जाणकार, म्हणजे कादंबरी कांद्याच्या व्यापारावर असेल तर लासलगावच्या बाजार समितीत रोज उठबस असणारा. असे लोक भेटतात कुठे? वाचनालयाच्या कार्यक्रमांत, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या कार्यक्रमांत, २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास शहरात जे कार्यक्रम भरतात त्यांत, आणि बऱ्याचदा आपल्याच छंदाच्या मंडळींत. पक्षी बघणारे लोक चांगले वाचक निघतात. त्यांना थांबून बघायची सवय असते.

त्यांना छापील प्रत द्या आणि 'कशी वाटली?' विचारू नका. चारच प्रश्न द्या: कुठे कंटाळा आला? कुठे गोंधळ झाला? कोणतं पात्र खोटं वाटलं? कुठे थांबून परत मागे जावं लागलं? महिनाभराची मुदत द्या. त्यांचं म्हणणं ऐकताना वहीत लिहा आणि समर्थन करू नका. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे दोष आहे, त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असला तरी.

सापळा: कार्यक्रम संपल्यावर एखाद्या नामवंत लेखकाच्या हातात तीनशे पानांचा गठ्ठा ठेवणं. तो नाही म्हणू शकत नाही आणि वाचूही शकत नाही. दुसरा सापळा, पीडीएफ शाळेच्या ग्रुपवर टाकणं. अंगठे येतात, वाचक येत नाही.

पायरी ७ : दिवाळी अंकांचा हंगाम ओळखा

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासूनची, आणि तिचा मोह मराठी लेखकाला सुटत नाही. बहुतेक अंकांसाठी कथा उन्हाळ्यात ते ऑगस्टपर्यंत पोचाव्या लागतात. म्हणजे पुनर्लेखन ऐन रंगात असताना कथेसाठी फोन येतो किंवा आपणच पाठवायचं ठरवतो. एका वर्षात एक कथा, फार तर दोन. त्या मे संपेपर्यंत लिहून टाका आणि जूनपासून पुन्हा कादंबरी. कादंबरीतलंच प्रकरण कथा म्हणून तोडून द्यायचा विचार आला तर ते स्वतंत्र उभं राहतंय का ते बघा. बहुतेक वेळा राहत नाही. दिलंत तर पुढे प्रकाशकाला तसं सांगायला विसरू नका.

पायरी ८ : थांबा आणि पाठवा

थांबायची खूण अशी: एखाद्या फेरीत तुम्ही स्वल्पविराम काढता आणि पुढच्या फेरीत तोच परत घालता. त्या दिवशी फाइल बंद करा.

पाठवताना हे जवळ ठेवा:

- एका पानाचं पत्र: कादंबरीचा विषय, शब्दसंख्या, पूर्वी काही छापून आलं असल्यास तपशील
- शेवटासकट दोन पानांचा सारांश (संपादकापासून रहस्य लपवायचं नसतं)
- पहिली तीन प्रकरणं, आणि मागितल्यास पूर्ण हस्तलिखित
- स्वतःचा पाच-सहा ओळींचा परिचय, पत्ता, फोन
- युनिकोड फाइल आणि तिची पीडीएफ, दोन्ही

काही ठिकाणी अक्षरजुळणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये होते. युनिकोडचं रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून मुद्रितं (छपाईआधी तपासायला येणारी पानं) हातात आली की पीडीएफशी ताडून बघा. हे काम नंतरचं आहे, पण त्यासाठी आठवडा लागतो हे आतापासून धरून चाला.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. अर्जाची मुदत आणि अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्या. कॉपीराइटची धास्ती घेऊ नका. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिल्याक्षणी तो तुमचा असतो आणि तुमच्या पश्चात ६० वर्षं राहतो, नोंदणी सक्तीची नाही. करार आला तर मुदत लिहिलीय का ते बघा. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि पुस्तक छापायचे पैसे तुमच्याकडून मागितले जात असतील तर आकडा, प्रतींची संख्या आणि न खपलेल्या प्रती कुणाच्या, हे तीन मुद्दे सही करण्याआधी कागदावर घ्या. तोंडी नको.

कुणाला, काय, कोणत्या तारखेला पाठवलं ते त्याच लांबट वहीत लिहा. तीन महिन्यांनी एक विचारणा करा, मेलवर, चार ओळींची. त्याआधी फोन करू नका. पाठवलं त्याच आठवड्यात पुढची कादंबरी सुरू करण्याची घाईही करू नका. नोव्हेंबर असेल तर नांदूर मध्यमेश्वरला जा. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण नवख्यांना पुरते, आणि पहाटे निघताना गाडीत स्वेटर ठेवा, पाण्याजवळ बोचरं असतं.